पोलिश तोर्त घरी करताना: बिश्कोप्त, पोंच आणि लोण्याचं क्रीम

विस्वाकाठ

पोलंडमध्ये वाढदिवस असो, नामदिन (आपल्या नावाच्या संताचा दिवस) असो की लग्नाची पंचविशी, टेबलाच्या मधोमध तोर्त असतोच. तोर्त म्हणजे थरांचा केक. लोण्या-तेलाचा थेंबही नसलेला अंड्यांचा हलका स्पंज (बिश्कोप्त), त्याला पाजलेलं आंबटगोड पाणी (पोंच) आणि थरांमध्ये लोण्याचं क्रीम. स्पंज कोरडा असतो म्हणून पोंच लागतो आणि क्रीम जड असतं म्हणून स्पंज हलका लागतो. यातलं एक बदललं की बाकीच्या दोघांचं गणित चुकतं, म्हणून पहिल्यांदा तरी मापं जशीच्या तशी घ्या.

सगळं प्रमाण २२ सेंमीच्या स्प्रिंगफॉर्म टिनसाठी (कडी उघडली की बाजूचं कडं सुटं होतं तो टिन). टिनची उंची किमान ७ सेंमी हवी.

स्पंजसाठी: मोठी अंडी ५ (कवच सोडून साधारण २८० ग्रॅम), बारीक साखर १६० ग्रॅम, मैदा ११५ ग्रॅम, बटाट्याचं स्टार्च ४० ग्रॅम, चिमूटभर मीठ. बेकिंग पावडर नाही, सोडा नाही. हा स्पंज फक्त अंड्यात कोंडलेल्या हवेवर फुगतो.

टिनच्या तळाला बटर पेपर लावा, कडांना काहीही लावू नका. मिश्रण कोरड्या कडेला धरून वर चढतं. कडेला तूप लावलं तर ते घसरतं, आणि मधे डोंगर, बाजूला उतार असा स्पंज मिळतो.

पांढरा भाग मीठ घालून फेटायला घ्या. फेस पांढरा झाला की साखर एकेक चमचा घाला, आधीची विरघळल्याशिवाय पुढची नको. दोन बोटांत चोळून पाहिलं तर खरखर लागता कामा नये. मग पिवळे बलक एकेक करून घाला, प्रत्येकामागे दहा-पंधरा सेकंद पुरे. इथे मशीन बंद. मैदा आणि स्टार्च एकत्र दोनदा चाळा, तीन भागांत वरून भुरभुरवा आणि स्पॅट्युलाने तळापासून वर उचलत मिसळा. भांडं दुसऱ्या हाताने फिरवत राहा. पीठ जड असतं, फेसातून खाली घसरून तळाशी बसतं, म्हणून प्रत्येक वेळी स्पॅट्युला तळाला टेकलाच पाहिजे. पांढऱ्या रेघा दिसेनाशा झाल्या की थांबा.

१६५ अंश सेल्सिअस, वरची-खालची उष्णता, पंखा बंद, मधल्या जाळीच्या एक घर खाली, ३५ ते ३८ मिनिटं. पहिली २५ मिनिटं दार उघडायचं नाही. बाहेर काढल्या काढल्या टिन ५०-६० सेंमीवरून सपाट जमिनीवर सोडा. हो, खरंच सोडा. खाली एक घडी टॉवेल चालेल, जाड गादी नको. टिनची कडी नीट लागलेली आहे ना, ते आधी पाहा. मग टिनमध्येच पूर्ण गार होऊ द्या, कडेने पातळ सुरी फिरवा आणि सोडवा.

कापायचा दुसऱ्या दिवशी. ताजा स्पंज सुरीखाली दबतो आणि भुगा फार पडतो.

क्रीम पुढच्या प्रतिसादात लिहिते.

---

ओटीजीवाला

टिन आपटण्यामागचं कारण काय? नुसती प्रथा आहे की त्याचा उपयोगही होतो?

---

मोजूनमापून

उपयोग होतो. गरम स्पंजच्या बुडबुड्यांत वाफ आणि तापलेली हवा असते. गार होताना वाफेचं पाणी होतं, आतला दाब उतरतो, आणि बुडबुड्यांच्या भिंती अजून मऊ असल्यामुळे सगळा स्पंज आत ओढला जातो. पृष्ठभागाला सुरकुत्या पडतात, मधे खळगा होतो. हादऱ्याने बऱ्याच भिंतींना बारीक चिरा जातात, त्यातून बाहेरची हवा आत शिरते आणि दाब सारखा होतो. पण हे बाहेर काढल्यापासून अर्ध्या मिनिटात व्हायला हवं. पाच मिनिटांनी आपटून काही मिळत नाही.

एक मात्र लक्षात ठेवा: कच्चा राहिलेला स्पंज आपटला तर तो सरळ बसतो. काडी कोरडी निघाली, बोटाने दाबलेला वरचा भाग परत वर आला, तरच आपटा.

ओटीजीत १५ ते २० मिनिटं तापवणं आणि आत वेगळा थर्मामीटर ठेवणं, दोन्ही गरजेचं आहे. बटणावरचे १६५ आणि आतले १६५ यात सहज १५-२० अंशांचा फरक पडतो. वर डोंगर येऊन तडा गेला तर उष्णता जास्त आहे असं समजा आणि १० अंश कमी करा.

---

जाईजुई

आपल्याकडची अंडी लहान असतात. पाचच घ्यायची का? आणि बटाट्याचं स्टार्च प्रत्येक दुकानात मिळत नाही, त्याऐवजी कॉर्नफ्लोअर चालेल का?

---

विस्वाकाठ

जाईजुई, अंडी फोडून वजन करा. २८० ग्रॅमसाठी आपल्याकडची साधारण सहा लागतील. पोलिश कृतीत नुसतं "५ अंडी" लिहिलेलं असतं तेव्हा एल आकार धरायचा, म्हणजे कवचासह ६३ ते ७३ ग्रॅमचं एक. आपली पाच लहान अंडी घालून मैदा तेवढाच ठेवला की स्पंज घट्ट होतो आणि दोष उगाच ओव्हनला जातो.

पोलिश कृती वाचताना दुसरा घोळ पेल्याचा. तिथे "श्क्लांका" म्हणजे २५० मिलीचा पेला. त्यात मैदा साधारण १५५ ग्रॅम आणि साखर २२० ग्रॅम बसते. अमेरिकन कप त्याहून लहान असतो, त्यामुळे दोन्हींची सरमिसळ नको. वजनकाटा घ्याच.

कॉर्नफ्लोअर चालेल, तेवढंच वजन. स्टार्चचं काम मैद्यातलं ग्लुटेन (चिवटपणा देणारं प्रथिन) पातळ करायचं, ते दोन्हीने होतं. बटाट्याच्या स्टार्चने कण थोडा जास्त मऊ लागतो, एवढाच फरक. पोलंडमध्ये या स्पंजला "तोर्तोवा" पीठ वापरतात, पाकिटावर ४५० आकडा असतो. तो आकडा पीठ जाळल्यावर उरणाऱ्या राखेचा, म्हणजे पीठ किती पांढरं दळलंय ते सांगणारा. आपला मैदा त्याच्या जवळचाच आहे.

आता क्रीम. घरोघरी दोन प्रकार चालतात.

एक, क्रेम रुसेल. यात पूर्ण अंडी साखरेबरोबर वाफेवर फेटतात. अंडी ४ (कवच सोडून २०० ग्रॅम), साखर १८० ग्रॅम, बिनमिठाचं लोणी ३५० ग्रॅम. अंडी आणि साखर स्टीलच्या भांड्यात घेऊन उकळत्या पाण्याच्या वाफेवर धरा, तळ पाण्याला टेकू नये. हातफेट्याने सतत फेटत ७२ अंशांपर्यंत न्या, सहा-सात मिनिटं लागतात. साखरेमुळे अंडं या तापमानाला गोठत नाही, पण हात थांबला तर कडेला आम्लेट होतं. आचेवरून उतरवून मशीनने फेटत फेटत २४-२५ अंशांपर्यंत गार करा. ते फिकट, दाट आणि रिबिनीसारखं पडतं. लोणी वेगळ्या भांड्यात पाच-सात मिनिटं फेटून जवळजवळ पांढरं करा. मग अंड्याचं मिश्रण लोण्यात एकेक चमचा. उलट करू नका, अंड्यात लोणी टाकू नका.

दोन, बुदिन्योवी, म्हणजे शिजवलेल्या कस्टर्डचं. दूध ५०० मिली, पिवळे बलक ३, साखर १०० ग्रॅम, मैदा २५ ग्रॅम, बटाट्याचं स्टार्च २५ ग्रॅम, लोणी २५० ग्रॅम. १०० मिली दूध बाजूला काढून त्यात बलक, मैदा, स्टार्च कालवा. उरलेलं दूध साखरेबरोबर उकळा, कालवलेलं त्यात धार धरून ओता, ढवळत राहा. भकाभक बुडबुडे आले की एक मिनिट शिजवा आणि उतरवा. बटाट्याचं स्टार्च जास्त उकळलं तर परत पातळ होतं. पृष्ठभागाला चिकटवून प्लास्टिक लावा, नाहीतर साय धरते आणि तिचे गोळे क्रीममध्ये येतात. पूर्ण गार झाल्यावर चाळणीतून घासून घ्या, मग फेटलेल्या लोण्यात चमचा चमचा.

रुसेल गुळगुळीत असतं, कडा आणि फुलं सुबक येतात. बुदिन्योवी हलकं लागतं, पण बाहेरून लिंपायला जरा मऊ पडतं. आत बुदिन्योवी आणि बाहेर रुसेल ही जोडी चांगली.

---

कणीदार

घरी काढलेलं लोणी वापरता येईल का? साय विरजून केलेलं?

---

मोजूनमापून

नको. घरच्या लोण्यात पाणी किती राहिलंय ते प्रत्येक वेळी वेगळं असतं. पोलंडमधलं चांगलं लोणी किमान ८२ टक्के स्निग्धांशाचं असतं, कृती त्याच हिशोबाने बेतलेली असते. घरचं लोणी कितीही धुतलं तरी पाणी धरून राहतं आणि ते पाणी क्रीम फेटताना बाहेर येतं. शिवाय विरजणाचा आंबटपणा कॉफी-अक्रोडाबरोबर विचित्र लागतो. तूपही नको, थंड झालं की त्याचे कण होतात आणि क्रीम जिभेला रवाळ लागतं.

दुकानात मिळणारं पिवळं खारं बटरही चालणार नाही. ३५० ग्रॅममध्ये चमचाभराहून जास्त मीठ असतं, ते साखरेने झाकत नाही. पाकिटावर "अनसॉल्टेड" लिहिलेलं घ्या.

---

जाईजुई

क्रीम फाटतं म्हणजे नेमकं काय होतं? आणि फाटलं तर टाकून द्यायचं का?

---

विस्वाकाठ

टाकू नका! फाटलेलं क्रीम बहुतेक वेळा परत येतं, फक्त ते गारव्याने फाटलंय की उष्णतेने, हे ओळखायचं.

गारव्याने फाटतं तेव्हा क्रम असा दिसतो. आधी क्रीमची चकाकी जाते. मग भांड्याच्या कडेला पाण्याची बारीक रेघ उमटते. पुढच्या अर्ध्या मिनिटात सगळं ओल्या पनीरच्या चुऱ्यासारखं होतं, पिवळसर कण वेगळे, पाणी वेगळं. कस्टर्ड फ्रिजमधून थेट आलं किंवा लोणी अजून कडक होतं की हेच होतं: लोणी गारठतं, गोळा होतं आणि पाणी सोडून देतं. उपाय: तीन मोठे चमचे क्रीम काढून वितळेपर्यंत गरम करा आणि मशीन चालू ठेवून बारीक धारेने परत घाला. किंवा भांड्याचा तळ गरम पाण्यात दहा सेकंद बुडवा, बाहेर काढा, फेटा, पाहा, गरज पडली तर परत. घाई केली तर दुसऱ्या टोकाला जाल.

उष्णतेने बिघडलेलं क्रीम फुटत नाही, ते सैल होतं. पळीवरून ताकासारखं गळतं, पिवळं आणि चकचकीत दिसतं. भांडं बर्फाच्या पाण्यात अर्धं मिनिट ठेवा, कडेला घट्ट झालेलं मधे ओढत फेटा. दोन-तीनदा करावं लागतं. पूर्ण वितळलं असेल तर फ्रिजमध्ये पंधरा मिनिटं, मग फेटा.

दोन्हीचं मूळ एकच: लोणी आणि त्यात मिसळायची गोष्ट, दोघांचं तापमान एकसारखं हवं. लोणी २० ते २१ अंश, कस्टर्डही २० ते २१. रुसेलचं अंडं चार अंश वर चालतं, कारण ते चमच्या चमच्याने जातं. थर्मामीटर नसेल तर लोण्यात बोट दाबा, खड्डा पडला पाहिजे पण बोटाला लकाकी लागता कामा नये.

---

ओटीजीवाला

२१ अंश! पुण्यात मे महिन्यात स्वयंपाकघर ३४-३५ ला असतं.

---

मोजूनमापून

मग ते काम एसीच्या खोलीत करा, भांडी-मशीन तिकडे न्या. लोणी साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळतं, त्यामुळे तुमच्या ओट्यावर ते क्रीम राहणारच नाही, फेटण्याची पद्धत कितीही चांगली असो. एसी नसेल तर पहाटे करा, भांडं आणि फेटणी आधी फ्रिजमध्ये ठेवा, आणि लिंपताना क्रीमचे दोन भाग करून एक आत ठेवा.

लोण्याच्या जागी वनस्पती तुपाचं शॉर्टनिंग घालायचा सल्ला बऱ्याच ठिकाणी दिसतो. उकाड्यात ते उभं राहतं हे खरं, पण टाळूला पातळ मेणासारखा थर बसतो आणि कॉफीचा स्वाद त्याखाली दबून जातो. तोर्तमध्ये लोण्याची चवच मुख्य असते. उन्हाळ्यात करायचा असेल तर लहान करा, १८ सेंमीचा.

---

कणीदार

क्रीमला स्वाद कोणते? सगळीकडे कॉफी-अक्रोडच दिसतं.

---

विस्वाकाठ

कारण ते सर्वांत चांगलं लागतं! कॉफीसाठी दोन मोठे चमचे इन्स्टंट कॉफी एका मोठ्या चमचा उकळत्या पाण्यात विरघळवून पूर्ण गार करा, अगदी शेवटी घाला. पावडर कोरडी घातली तर काळे ठिपके राहतात.

अक्रोडाचं सारण: १५० ग्रॅम अक्रोड १६० अंशांवर आठ मिनिटं भाजा, गार करून भरड दळा. त्यावर ८० मिली उकळतं दूध ओता, झाका, पूर्ण गार होऊ द्या. मग १९० ग्रॅम क्रीममध्ये मिसळा. दूध ओतायचं कारण असं की कोरडा अक्रोड क्रीममधलं पाणी ओढतो आणि दुसऱ्या दिवशी थर भुसभुशीत होतो. विकत घेताना एक अक्रोड चावून पाहा. खवट असेल तर केक वाया जातो, लोण्यात खवटपणा जास्तच कळतो.

काइमाक म्हणजे आटवलेल्या गोड दुधाचं कॅरमल, ४०० ग्रॅमला २५० ग्रॅम लोणी आणि पाव चमचा मीठ. हे अतिशय गोड होतं, त्यामुळे पोंच बिनसाखरेचा घ्या.

आणि एका थरावर क्रीमच्या आधी आंबट जॅम लावाच. तिथे काळ्या करंटचा (आंबट, काळ्या बेरीचा) जॅम किंवा आलुबुखाराचं घट्ट, आटवलेलं पोविद्वा असतं. एवढ्या लोण्याला आंबट लागतंच. आपल्याकडे कमी साखरेचा करवंदाचा जॅम छान जुळतो. तो घट्ट हवा, चमच्यावरून ओघळणारा नको, नाहीतर वरचा थर त्यावरून सरकतो.

---

जाईजुई

पोंच किती घालायचा? एकदा कमी, एकदा जास्त होतो. आणि त्यात दारू लागतेच का?

---

मोजूनमापून

तीन थरांना मिळून १६० मिली. खालच्या थराला ४०, मधल्याला ५५, वरच्याला ६५. खालच्यावर सगळा भार असतो, तो जास्त भिजला तर दुसऱ्या दिवशी बुडाशी लापशी होते. वरच्याला पाणी खाली उतरायला वाव असतो.

१२० मिली काळा चहा (दूध नाही, कडक पण कडू नाही), दीड मोठा चमचा साखर, दीड मोठा चमचा लिंबाचा रस, ३० मिली वोडका किंवा रम. दारू नको असेल तर तेवढाच चहा वाढवा, चव पूर्ण लागते. पोंच थंड असावा. गरम ओतला की स्पंज विरघळल्यासारखा होतो आणि वरचं क्रीम सैल पडतं. ब्रशने थापत, कडेकडून मधे या. कडा नेहमी कोरड्या राहतात.

---

साखरपाक

अंड्याशिवाय करता येईल का? घरात अंडं चालत नाही.

---

विस्वाकाठ

साखरपाक, स्पंज नाही. त्याला उभं करणारं दुसरं काही आतच नाही. दही-सोड्याचा केक करता येईल, पण त्यात तेल असतं, तो पोंच एवढा शोषत नाही. तिथे पोंच अर्ध्यावर आणा.

क्रीम मात्र सहज होतं. बुदिन्योवीतले बलक आणि मैदा काढा, ५०० मिली दुधाला ४८ ग्रॅम कॉर्नफ्लोअर, बाकी सगळं तेच. रंगासाठी चिमूटभर केशर चालेल, पण मग कॉफी नको.

---

ओटीजीवाला

रचताना दोनदा केक एका बाजूला कलला. थर सारखेच कापले होते.

---

मोजूनमापून

क्रीम सारखं नसेल. भांडं काट्यावर ठेवून मोजून काढा. रुसेलच्या वरच्या प्रमाणात साधारण ७०० ग्रॅम मिळतं: दोन थरांमध्ये १९० आणि १९०, पहिल्या पातळ लेपाला १००, बाकी बाहेरच्या लेपाला आणि फुलांना. मधे अक्रोडाचं सारण भरणार असाल तर त्यातल्या क्रीमचं वजन त्या १९० मध्येच धरा.

स्पंज कापण्यासाठी कडेने सुरीने अर्धा सेंमी खाच पाडा, त्यात शिवणाचा मजबूत दोरा बसवून टोकं ओलांडून ओढा. सुरीपेक्षा सरळ जातो. स्पंजची वरची बाजू खाली ठेवून रचा आणि मूळ तळ सगळ्यात वर येऊ द्या, तो सपाट असतो. टिनच्या बाजूच्या कड्यातच रचलं तर कलत नाही: कड्याच्या आतून जाड प्लास्टिकची पट्टी लावा, थर, पोंच, क्रीम, परत थर. वरून ताटलीने हलकं दाबा. फ्रिजमध्ये चार तास, मग कडं काढून पातळ लेप, परत अर्धा तास गार, मग शेवटचा लेप. पातळ लेपाने भुगा जागच्या जागी चिकटतो. तो गाळला तर बाहेरच्या क्रीमभर कण दिसतात.

---

विस्वाकाठ

बाजूंना भरड अक्रोड थापा, ही जुनी आणि सोपी सजावट. क्रीम गार व्हायच्या आत थापा, नंतर चिकटत नाही. वर फुलं आणि प्रत्येक फुलावर कॉफीचा एक दाणा.

रात्रभर झाकून ठेवाच. पोंच थरांत सारखा पसरायला तेवढा वेळ लागतो. त्याच दिवशी कापलेल्या तोर्तमध्ये ओले-कोरडे पट्टे असतात. झाकण घट्ट हवं, लोणी फ्रिजमधला लसूण-कांद्याचा वास लगेच ओढतं. तीन दिवस चांगला राहतो.

---

कणीदार

फ्रिजमधून काढल्यावर क्रीम दगड होतं, कापताना थर तुटतात.

---

विस्वाकाठ

खायच्या आधी पाऊण तास बाहेर काढा, उन्हाळ्यात वीस मिनिटं. गार लोण्याला चव नसते. पण कापायचा मात्र बाहेर काढल्यावर दहा मिनिटांतच. लांब, पातळ सुरी गरम पाण्यात बुडवा, पुसून कोरडी करा, मग सरळ खाली दाबा आणि बाहेर ओढून घ्या, वर उचलू नका. प्रत्येक कापाला परत पाणी, परत पुसणं. पहिला तुकडा काढण्याआधी शेजारचा तिसरा कापही देऊन ठेवा. दोन तुकडे सुटे झाले की पहिल्याला बाजूला सरकायला जागा मिळते आणि तो न मोडता बाहेर येतो.